फुकुशिमाचं जिओलाइट आणि आपला माठ

सध्या एक मेसेज फिरतोय. जपानने फुकुशिमाचं किरणोत्सारी पाणी जिओलाइट या खनिजाने साफ केलं. तेच खनिज आपल्या सह्याद्रीच्या दगडात फुकट मिळतं. मूठभर खडे माठात टाका, आर्सेनिक, फ्लोराइड, शिसं सगळं शोषलं जाईल. खडे जन्मभर पुरतील. आणि नैसर्गिक असल्याने अपाय नाही. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्या जोरावर बाकीची खपतात.

फुकुशिमात २०११च्या अणुभट्टी अपघातानंतर जिओलाइट वापरलं, पण मुख्यतः सीझियम या किरणोत्सारी मूलद्रव्यासाठी. इतर घटकांसाठी वेगळे शोषक, वेगळी यंत्रणा उभारावी लागली. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तर त्या यंत्रणेतूनही निघत नाही, कारण ते पाण्याच्या रेणूतच बसलेलं असतं.

‘सगळं शोषलं जाईल’ हा खरा घोटाळा. जिओलाइटच्या अणूंच्या जाळीत काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम असतं, त्यामुळे जाळीवर ऋण भार येतो. तो भार फेडायला पोकळ्यांत सोडियम, कॅल्शियमचे धन आयन (धन भार असलेले कण) असतात आणि पाण्यातल्या दुसऱ्या धन आयनांशी त्यांची अदलाबदल होते. सीझियम, अमोनियम, शिसं हे धन आयन. फ्लोराइड ऋण. भूजलातलं आर्सेनिक बहुधा ऋण, नाहीतर भाररहित. मग ही जाळी त्यांना धरणार कशी? फ्लोराइडसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना वापरतात, आर्सेनिकसाठी लोहाची हायड्रॉक्साइडं. प्रयोगशाळेत जिओलाइटवर लोहाचा लेप चढवून आर्सेनिक धरतात खरं, पण ती करामत लेपाची.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या फ्लोराइडग्रस्त गावांत कुणी हा मेसेज मनावर घेतला तर पोरांच्या दातांवरचे डाग आणि थोरांची आखडलेली हाडं आहेत तशीच राहतील. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने यावर नालगोंडा पद्धत काढली, तीत चुना आणि तुरटी लागते. तीही अंदाजपंचे नाही. पाण्यातलं फ्लोराइड आणि अल्कता बघून मात्रा ठरते.

शिशाबाबत मेसेजला थोडे गुण देऊ. पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम शिशाच्या कितीतरी पट असतं आणि तेही त्याच जागांवर हक्क सांगतं. शिवाय माठाच्या तळाशी पडलेल्या खड्यांना पाणी धड भिडतच नाही. बारीक दाण्यांच्या थरातून ते हळूहळू झिरपावं लागतं.

जन्मभर? जागा भरल्या की खडा संपला, आणि धरलेलं विष त्यातच राहिलं. फुकुशिमाच्या तळघरांत ठेवलेल्या जिओलाइटच्या पोत्यांत इतकं सीझियम साचलं, की ती काढायला यंत्रमानव योजावे लागले.

‘नैसर्गिक’चं म्हणाल तर एरिओनाइट हेही नैसर्गिक जिओलाइटच. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाच्या काही गावांत त्याचे तंतू श्वासातून जाऊन छातीच्या आवरणाचा कर्करोग पसरला. सगळी जिओलाइटं तशी नसतात, पण घाटात उचललेला खडा कोणता, हे व्हॉट्सअ‍ॅप सांगत नाही. पुणे-जळगावकडच्या खाणींतलं स्टिल्बाइट हे देखणं जिओलाइट जगभरच्या संग्रहांत आहे. तिथेच शोभतं.

फ्लोराइडला रंग नाही, आर्सेनिकला चव नाही, आणि पाणी उकळल्याने दोन्ही जात नाहीत, उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. तेव्हा आधी पाणी तपासून घ्या. प्रति लिटर फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या किंवा आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर फिल्टर विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: यातलं नेमकं काय निघतं, आणि किती लिटरनंतर आतला माल बदलायचा?