डायल फारच चकचकीत आहे? सहाच्या खाली बघा

जुनं घड्याळ घेताना लोक मशीनचा फोटो मागतात, केसवरचा नंबर तपासतात, आणि डायलवर मात्र "वा, काय जपलंय!" म्हणून भाळतात. अहो, खरी किंमत तिथेच असते आणि गडबडही तिथेच होते.

मी आधी सहाच्या खालची बारीक अक्षरं बघतो. तिथे 'टी स्विस टी' छापलेलं असेल तर ल्यूम (अंधारात चमकणारा लेप) ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचं. ते रुळलं 1960 च्या दशकात, त्याआधी रेडियम चालायचं. तेव्हा "1952 चं, सगळं ओरिजिनल" म्हणून विकायला ठेवलेल्या घड्याळावर हा 'टी' दिसला की डायल नंतरची, विषय संपला. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण 12.3 वर्षं, म्हणजे 1970 च्या डायलवरचं ल्यूम आज मेलेलंच असणार. टॉर्च मारून दिवा घालवल्यावर ते हिरवंगार चमकत राहिलं, तर तिथे ल्युमिनोव्हासारखा 1993 नंतरचा माल भरलाय. (रेडियमचं ल्यूम असेल तर काच उघडून खरवडत बसू नका. चमक गेली तरी किरणोत्सर्ग शेकडो वर्षं जात नाही.)

मग दहापट भिंग. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात. पुन्हा रंगवलेल्या डायलवर शाई किंचित फुगते, मिनिटांच्या रेघा कुठे जाड कुठे बारीक होतात, आणि बसवलेल्या आकड्यांच्या बुडाशी लॅकर साचलेलं दिसतं. डायलवरचे ल्यूमचे ठिपके पिवळे नि काट्यांवरचं ल्यूम पांढरंशुभ्र असेल तर दोघांपैकी एक पाहुणा आहे. हल्ली मुद्दाम पिवळवतातही, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.

कंपनीनेच सर्व्हिसिंगमध्ये बदललेली डायल ही वेगळी भानगड. ती नकली नाही, वापरायला उत्तम. पण "कंपनीचीच आहे ना!" एवढ्यावर ओरिजिनलचा भाव लावणं मला सरळ लबाडी वाटते. रोलेक्सच्या डेटोना मॉडेलचंच बघा. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं स्वतःचं डेटोना 2017 च्या लिलावात सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं. तसल्या डायलवरच्या छोट्या उप-तबकड्यांमध्ये रेघांच्या टोकाला चिमुकले चौकोन असतात. साध्या डेटोनावर ती डायल चढवली की भाव कुठल्या कुठे जातो. मग चढवणारे गप्प बसतील होय?

विक्रेत्याला सरळ विचारा, डायल बदललीय का, आणि उत्तर लेखी घ्या. महागाचं घड्याळ असेल तर डायलच्या पाठीचा फोटोही मागा. तिथले पाय (डायल मशीनवर बसवणाऱ्या बारीक खुंट्या) कापून डायल चिकटवलेली असेल, तर ती दुसऱ्याच मशीनसाठी बनलेली असण्याची दाट शक्यता.