पंप, पाळी आणि प्लास्टिकची फरशी

गेल्या महिन्यात सोलापूरहून वहिनीचा फोन आला. भाची चौदा वर्षांची. जिना चढताना धापा टाकते, रात्री खोकते, पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस जास्तच. डॉक्टरांनी दमा सांगून श्वासातून औषध घ्यायचा पंप लिहून दिला. "पण ताई, एकदा लावला की सुटत नाही म्हणतात ना? आणि मुलीची जात. उद्या स्थळं बघताना कुणीतरी काढेलच."

याच वहिनीनं आदल्या आठवड्यात मला व्हॉट्सॲपवर एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला होता: प्लास्टिकच्या डब्यांमधून हार्मोन बिघडवणारी रसायनं पोटात जातात, मुली लवकर वयात येतात, आजच डबे फेका. तिनं अकरा डबे फेकले आणि स्टीलचे आणले. पंप मात्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली, खोकंही न फोडलेला.

मला हसता येईना, कारण मीही इथे तेच केलं होतं. मी राहते त्या शहराला नकाशात गॉथेनबर्ग म्हणतात, इथली माणसं 'यतेबोरी' म्हणतात. आमचं भाड्याचं घर सत्तरच्या दशकातलं. त्या काळात स्वीडननं दहा लाख घरं भराभर बांधली, आज त्यातल्या बऱ्याच वस्त्यांमध्ये आमच्यासारखी बाहेरून आलेली मंडळी राहतात. लेकीच्या खोलीत जुनी पीव्हीसीची फरशी, इथल्या भाषेत 'प्लास्टमाटा'. दोन पट्ट्यांचा सांधा वितळवून जोडलेला, कोपऱ्यात फुगा आलेला, आणि उन्हाळ्यात खिडकीतून ऊन पडलं की नव्या रेनकोटसारखा वास. शेजारणीनं सहज सांगितलं, "अगं, यावर तर इथे स्वीडनमध्येच संशोधन झालंय." झालं, मी महिनाभर रोज ओल्या फडक्यानं ती फरशी पुसत होते.

संशोधन खरंच झालं आहे. वेर्मलांड नावाच्या जंगलांच्या प्रांतात 2000 साली दहा हजारांहून अधिक लहान मुलांच्या घरांची माहिती गोळा केली. पुढे त्यातली 198 आजारी आणि 202 निरोगी मुलं निवडून त्यांच्या झोपायच्या खोलीतली धूळ तपासली. 2004 मध्ये निष्कर्ष छापून आले: पीव्हीसी हे प्लास्टिक मऊ करण्यासाठी थॅलेट नावाची जी रसायनं घालतात, त्यातलं डीईएचपी ज्या घरांच्या धुळीत जास्त, तिथे दम्याचं प्रमाण जास्त. दुसरं एक थॅलेट सर्दी-ॲलर्जी आणि इसबाशी जुळलं. जुळलं म्हणजे त्यानंच झालं असं नव्हे, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हे.

आता यात मुलगा-मुलगी हा भेद कुठून आला? लहानपणी दमा मुलग्यांना जास्त होतो. त्यांच्या श्वासनळ्या फुप्फुसांच्या मानानं अरुंद असतात. वयात येताना पारडं फिरतं आणि मोठेपणी बायका पुढे जातात. स्टॉकहोममध्ये 1994 ते 1996 दरम्यान जन्मलेल्या 4,089 बाळांचा आजवर पाठपुरावा चालू आहे, त्यातही हेच दिसलं. (त्या अभ्यासाचं नाव 'बाम्से', जे इथल्या मुलांच्या लाडक्या चित्रकथेतल्या अस्वलाचंही नाव आहे. स्वीडिश लोक विनोद करतात तो असा, गुपचूप.) उंदरांवरच्या प्रयोगांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन ॲलर्जीची सूज पेटवणाऱ्या पेशींना आवर घालतं असं आढळलं आहे. मुलग्यांना वयात येताना हा आवर मिळतो, मुलींना मिळत नाही. थॅलेटचा गुण नेमका टेस्टोस्टेरॉनच्या कामात खोडा घालण्याचा, आणि कडक प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए हे रसायन इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनची नक्कल करतं. त्यामुळे संशोधकांचे कान टवकारले. 2022 मध्ये युरोपातल्या सहा देशांतल्या 3,007 आई-मुलांच्या जोड्यांचा एकत्रित अभ्यास आला. गरोदरपणी आईच्या लघवीत बिस्फेनॉल ए जितकं जास्त, तितकी शाळकरी वयात दमा आणि घरघर यांची शक्यता थोडी वाढलेली, आणि हे फक्त मुलींत. वाढ मोठी नाही. कडी न कडी जुळलेली नाही. पण मुलामुलींचे आकडे वेगळे मांडले नसते तर हे दिसलंच नसतं.

आमच्या लेकीचं निदान मात्र इथेही उशिराच झालं. सातवीत धावताना दम लागायचा. शाळेच्या नर्सनं सांगितलं, या वयात मुलींना ताण येतो, दीर्घ श्वास घ्यायला शिकवा. सहा महिने आम्ही दीर्घ श्वास घेत होतो. सोलापुरात 'अंगात रक्त नाही' म्हणतात, इथे 'स्ट्रेस' म्हणतात. मुलगी दोन्हीकडे नाजूकच ठरते. शेवटी दवाखान्यात नाकाला चिमटा लावून तिला नळीत फुंकायला लावलं. पडद्यावर वाढदिवसाच्या मेणबत्त्या, जोरात फुंकलं की विझतात. सहापैकी दोन उरल्या. मग औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगितलं, सगळ्या विझल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, "पाळीच्या आधी त्रास वाढतो का?" ती माझ्याकडे बघायला लागली. घरात हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता.

फरशीबद्दलही मी विचारलंच. डॉक्टर म्हणाले, बदलून मिळाली तर उत्तम, पण सकाळ-संध्याकाळचा पंप चुकवू नका.

परदेशात राहणारी माणसं 'आमच्याकडे बघा' म्हणायला लागली की मलाही कंटाळा येतो. तरी एक फरक सांगते. इथे रसायनांची काळजी आईच्या पिशवीत कमी आणि कायद्यात जास्त आहे. युरोपीय संघात 2020 च्या जुलैपासून चार थॅलेट्सना बहुतेक घरगुती वस्तूंत 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. बिस्फेनॉल ए किती चालेल याची पातळी 2023 मध्ये एकदम वीस हजार पटींनी खाली आणली, आणि 2025 पासून अन्नाच्या डब्यांत त्यावर बंदी लागू होते आहे. दुकानात जाऊन मी लेबलं वाचत बसत नाही, वाचायला वेळही नसतो.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. दूध पाजायच्या बाटल्यांत बिस्फेनॉल ए चालत नाही, खेळण्यांतल्या थॅलेटवर मर्यादा आहे आणि 2021 पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचं झालं. पण ही सगळी काळजी बाळापुरती. बाळ चौदा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेतून सुटतं. 2022 मध्ये दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेनं दहा सॅनिटरी पॅड तपासले, सगळ्यांत थॅलेट सापडले. चार दिवस चर्चा झाली, मग मुलींनीच कापड वापरावं की कप, यावर घसरली. महाराष्ट्रात 2018 ला प्लास्टिकबंदी आली ती गटारं तुंबतात म्हणून. शरीरात काय तुंबतं, हा विषय व्हॉट्सॲपच्या वाट्याला गेला, आणि तिथे उपाय एकच: आईनं आणखी काहीतरी फेकावं.

गंमत म्हणजे आमच्या सोलापूरच्या घरात शहाबादी फरशी आहे. त्या दगडात थॅलेट औषधालाही सापडणार नाही. पण त्याच फरशीवर रात्री दारं-खिडक्या बंद करून डासांची कॉइल लागते. एक कॉइल जळताना जितके बारीक कण सोडते, ते 75 ते 137 सिगारेटींइतके असतात, असं 2003 सालच्या एका तपासणीत आढळलं होतं. डबे फेकणाऱ्या घरात कॉइल चालू, हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग डास कोण मारणार, तुमचा स्वीडन?" तिचं चूक नव्हतं. मच्छरदाणी लावा, मी म्हटलं. ती त्यांच्याकडे आहेच, माळ्यावर.

जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आणि दम्याच्या मृत्यूंपैकी सुमारे 42 टक्के भारतात, हा अंदाज फुप्फुसाचे डॉक्टर वारंवार सांगतात. हा फरक प्लास्टिकच्या डब्यांनी पडलेला नाही. वेळेवर न दिलेल्या, लपवलेल्या, 'सवय लागेल' म्हणून कपाटात ठेवलेल्या पंपांचा त्यात मोठा हात आहे. रसायनांवर कडक नियम मागायलाच हवेत, आणि आपल्या मुलींची फुप्फुसं वेगळी मोजणारे अभ्यासही. पण ते येईपर्यंत हातात आहे ते औषध द्यायचं की नाही?

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. भाचीनं खोकं फोडलं, पंप हलवला, पूर्ण श्वास सोडून तोंडात धरला आणि हळू श्वास ओढत दाबला. "आता दहापर्यंत श्वास रोख," मी म्हटलं. ती बोटांवर मोजायला लागली. मागून वहिनीचा आवाज आला, "अगं, दार लावून घेऊ का? शेजारच्या काकू येतायत." भाचीला बोलता येत नव्हतं. सातवं बोट धरून तिनं मानेनंच नको म्हटलं.