संगणकाला अंतिम डाव कळत नाहीत, हे म्हणणे चुकीचे आहे

ब्रिटिश गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी मांडलेली बुद्धिबळातील एक स्थिती कोणत्याही संगणकाला सुटत नाही, संगणक पंधरा-वीस चालींपलीकडे पाहत नाही, अंतिम डावांचे, म्हणजे पटावर मोजकेच मोहरे उरल्यानंतरच्या खेळाचे, सारे ज्ञान जुन्या गुरूंनीच मिळवून ठेवले आहे आणि म्हणून मुलांनी अंतिम डावासाठी संगणकाकडे पाहूच नये, असा एक संदेश गेली काही वर्षे फिरत आहे. मी तो दोन-तीनदा वाचला आणि सोडून दिला होता. गेल्या महिन्यात माझ्या बारा वर्षांच्या भाचीच्या प्रशिक्षकांनी तो वर्गाच्या गटात पाठवला आणि तिने स्वतःच्या डावांचे शेवट संगणकावर तपासणे बंद केले, तेव्हा मात्र उत्तर देणे मला भाग वाटले.

पेनरोज यांची ती स्थिती २०१७ साली प्रसिद्ध झाली. पांढऱ्याकडे ई२ वर राजा आणि ए२, बी३, सी४, सी६ या घरांत चार प्यादी आहेत. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, पाच प्यादी आणि तीन उंट आहेत, आणि तिन्ही उंट काळ्या घरांतले आहेत. काळ्याचा राजा, वजीर, दोन्ही हत्ती आणि सगळी प्यादी डाव्या बाजूला एकमेकांत अशी अडकली आहेत की त्यांपैकी एकालाही हलता येत नाही. हलू शकतात ते फक्त उंट, आणि पांढऱ्याची चारही प्यादी पांढऱ्या घरांत असल्यामुळे त्या उंटांना ती मारता येत नाहीत. पांढऱ्याने काहीही न मारता राजा पांढऱ्या घरांतून फिरवत ठेवला, तर पन्नास चालींच्या नियमाने, म्हणजे सलग पन्नास चालींत काही मारले गेले नाही आणि प्यादेही हलले नाही म्हणून, डाव बरोबरीत सुटतो. माणसाला हे मिनिटभरात उमगते, तर कोणाची बाजू किती वरचढ हे सांगणारा संगणकाच्या पडद्यावरचा आकडा काळा प्रचंड वरचढ असल्याचे सांगतो. एवढ्यावरून ‘संगणक हरला’ असा निष्कर्ष काढला जातो आणि संदेशात तर त्यापुढे जाऊन मानवी चेतनेचे रहस्यही सिद्ध झाल्याचे सांगितले आहे.

तो आकडा चुकीचा असतो, हे मी मान्य करतो. अशा अभेद्य तटबंदीत संगणक मोहऱ्यांचे बळ मोजत राहतो आणि कोणालाच पुढे सरकता येणार नाही हे त्याला फार उशिरा दिसते. ही त्याची खरी उणीव आहे. परंतु आकडा म्हणजे खेळी नव्हे. मी भाचीला शेजारी बसवले, स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीला पांढरी बाजू दिली आणि काळ्याच्या चाली तिला खेळायला सांगितल्या. स्टॉकफिशने बी५ वरचा हत्ती मारला नाही, कारण तो मारताच काळा वजीर त्याच घरात उतरून राजाला शह देतो. ए४ वरचा हत्तीही मारला नाही, कारण त्यानेही वजीर मोकळा होतो. त्याने चालीमागून चाल फक्त राजा हलवला, आणि पन्नास चालींची मर्यादा जवळ येताच तो आकडाही शून्यावर आला. बरोबरीची स्थिती त्याने बरोबरीत सोडवली. जी खेळी माणूस करतो तीच जो करतो, त्याला स्थिती ‘सुटली नाही’ असे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

पंधरा-वीस चालींचा दावा तर जुनाटच आहे. लंडन येथे २०१८ साली झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहाव्या डावात आव्हानवीर कारुआना काळ्या मोहऱ्यांनी जगज्जेत्या कार्लसनविरुद्ध खेळत असताना, उंट एच४ वर आणि नंतर घोडा थेट जी१ वर नेण्याचा, वीस चालींहून कितीतरी लांबचा विजयमार्ग नॉर्वेतील एका महासंगणकाने दाखवला होता. तो मार्ग पटावर कारुआनाला दिसला नाही आणि ८० चालींनंतर डाव बरोबरीत सुटला.

सर्वांत अपायकारक विधान मात्र संगणकाने अंतिम डावांच्या ज्ञानात काहीच भर घातली नाही, हे आहे. दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा, यात घोड्याचा बचाव टिकतो असे क्लिंग आणि हॉरविट्झ या बुद्धिबळ-अभ्यासकांनी १८५१ साली मांडले आणि पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे ते प्रमाण मानले गेले. १९८३ साली संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी संगणकावर मातेच्या स्थितींपासून उलट दिशेने एकेक चाल मागे जात सगळ्या शक्यता तपासल्या, तेव्हा तो डाव बहुतेक सर्व स्थितींत जिंकता येतो, मात्र त्यासाठी कधीकधी ६६ चाली लागतात, असे आढळले. हीच रीत पुढे नेऊन तयार झालेल्या सिझिजी टेबलबेसमध्ये, म्हणजे तयार निकालांच्या कोष्टकसंग्रहात, २०१८ सालापासून दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सुमारे ४२४ लाख कोटी स्थितींचा निकाल उपलब्ध आहे. तो निकाल म्हणजे अंदाज नव्हे. विजय, पराभव की बरोबरी हे तेथे निश्चित असते, आणि लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर कोणालाही ते विनामूल्य पाहता येते. पेनरोज यांच्या पटावर सतरा मोहरे आहेत, म्हणून ती स्थिती या कोष्टकांत बसत नाही. परंतु शाळकरी मुलांचे अंतिम डाव बहुधा जिथे संपतात, तिथे पाच-सहाच मोहरे उरलेले असतात.

नुसती यंत्राची चाल पाठ करून कोणी शिकत नाही, हे प्रशिक्षकांचे म्हणणे मला पटते. पण त्या संदेशामुळे घडले ते वेगळेच. भाचीचा एक डाव हत्ती आणि प्यादे विरुद्ध हत्ती या अंतिम स्थितीत बरोबरीत सुटला होता, आणि ‘हातातला विजय घालवलास’ असे तिला ऐकावे लागले. तो विजय कुठे निसटला हे ती आठवडाभर वहीत चाली लिहून शोधत राहिली, कारण संगणकावर पाहायचे नाही असे ठरले होते. शेवटी आम्ही दोघांनी ती पाच मोहऱ्यांची स्थिती टेबलबेसवर मांडली. उत्तर बरोबरी असे आले. तिच्या प्रतिस्पर्ध्याने हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत ठेवला होता आणि प्यादे पुढे सरकताच तो मागून शह देण्यासाठी टोकाला नेला होता. फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडॉर यांनी १७७७ साली दाखवलेला बचाव तो हाच. भाचीच्या हातात विजय कधी नव्हताच.