बायबलातले काटे

आमच्या वसईच्या ग्रुपवर हल्ली अमेरिकेतल्या नातेवाइकांचे फॉरवर्ड फार येतात. सूर ठरलेला: खरा ख्रिस्ती मुक्त बाजारपेठेच्याच बाजूचा, सरकारी योजना म्हणजे समाजवाद आणि समाजवाद म्हणजे सैतानाचा उद्योग. जणू शुभवर्तमानातच लिहिलंय.

ख्रिस्ती धर्म आणि मुक्त बाजाराचं हे लग्न जुळवलेलं आहे आणि मध्यस्थही ठाऊक आहेत. १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकन उद्योगपतींची पत गेली होती, त्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचे नवे कर आणि कामगार कायदे. तेव्हा लॉस एंजेलिसचे पाळक जेम्स फिफील्ड धावून आले. १९३५ची त्यांची संघटना 'स्पिरिच्युअल मोबिलायझेशन'. पुढे पैसा तेलवाल्या हॉवर्ड प्यूंसारख्यांचा. बायबल माशासारखं वाचावं, काटे काढून टाकावेत, असं फिफील्ड म्हणत. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हे येशूचं वचन त्यातलाच एक काटा असणार! (आमच्याकडे काट्यांच्या भीतीने मासा सोडणारा अडाणी ठरतो.) १९७९ मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना आली आणि पुढच्याच वर्षी रेगन यांच्या मागे उभी राहिली.

म्हणून येशू कम्युनिस्ट होता असं मी म्हणत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१च्या 'रेरूम नोव्हारूम' या पत्रात समाजवाद साफ नाकारला, खाजगी मालमत्ता उचलून धरली. पण तिथेच बजावलं की मजुराने कबूल केली एवढ्यावर मजुरी न्याय्य ठरत नाही. पोटासाठी नाइलाजाने पत्करलेला करार ही जबरदस्तीच. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस बाजारावर बोलले, तर रेडिओवाल्या रश लिंबॉला त्यात शुद्ध मार्क्सवाद दिसला. आणि २०२५ मध्ये शिकागोत जन्मलेल्या पोपनी नाव घेतलं लिओ, त्याच पत्राची आठवण ठेवून.

फॉरवर्डवाल्यांचं आवडतं वचन मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातलं: माझ्या पैशाचं मी हवं ते करू नये काय? झाला मालमत्तेचा हक्क सिद्ध! पण हे म्हणतोय कोण? येशूच्या दृष्टांतातला, संध्याकाळी पाचला मजूर शोधत नाक्यावर गेलेला मळेवाला. तेव्हाही तिथे माणसं उभी, कारण 'आम्हाला कुणी कामावर लावलं नाही'. नालासोपाऱ्याच्या नाक्यावर दहा वाजले तरी डबा घेऊन थांबलेली माणसं बघा, तीच ही. दिवसाची मजुरी एक दीनार, कामाचे तास बारा; तासाभराच्या कामाला बाजारभावाने त्यांच्या हाती दीनाराचा बारावा हिस्सा पडला असता. मळेवाल्याने अख्खा दीनार दिला, तोही सगळ्यात आधी त्यांनाच.

हे ग्रुपवर लिहिलं तर एका काकांनी विचारलं, असं केल्यावर मळा बुडणार नाही का? बुडेलही, काका. येशूने ताळेबंद सांगितलेला नाही.