ताई, पोंचो तिरका झाला तो तुमच्या हातामुळे नाही

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले नाही. आधी सुई घेतली. तुम्ही जे लिहिलंय ते खरं आहे की नाही हे विणूनच कळणार होतं.

तुमची तक्रार थोडक्यात अशी. लहान मुलांच्या पोंचोची (डोक्यातून घालायच्या बिनबाह्यांच्या कपड्याची) माझी क्रोशाची कृती वाचून तुम्ही चार वर्षांच्या लेकीसाठी 10 फेऱ्या विणल्या. अंगात घातल्यावर पुढचं टोक मधोमध न येता एका बाजूला सरकतं आणि त्या बाजूची कड दंडावर चढते. मोजल्यावर एका बाजूला 68 खांब (सुईवर धागा एकदा गुंडाळून घातलेले उंच टाके) आले, दुसऱ्या बाजूला 61. मी आधी लिहिलं होतं की हाताचा ताण कमीजास्त झाला की असं होतं, ओलं करून पिना लावून वाळवा, सरळ होईल. तुम्ही तसं केलं आणि दुसऱ्या दिवशी पोंचो होता तसाच वाकडा. शेवटी तुम्ही म्हणता, "वीस वर्षं क्रोशा करतेय, माझा हात मला माहीत आहे. चूक कृतीत आहे."

हो, चूक कृतीतच आहे. न बघता तुमच्या हाताला दोष दिला, त्याबद्दल मनापासून माफ करा.

तुम्ही दोन्ही बाजूंचे आकडे दिले म्हणून ती सापडली. पहिल्या फेरीत पुढच्या आणि मागच्या टोकांच्या मधे, दोन्ही बाजूंना 32-32 खांब असतात. प्रत्येक टोकाच्या जागेत 2 खांब, 2 साखळ्या (धाग्याचे साधे फासे), 2 खांब घालायचे, म्हणजे दर फेरीला प्रत्येक बाजू 4 खांबांनी वाढते. दहाव्या फेरीला 32 आणि 36 मिळून 68. तुमची एक बाजू अगदी बरोबर आहे. दुसरीकडे 7 कमी. हात सैल-घट्ट झाला तर टाका लहान-मोठा होतो, टाक्यांची संख्या बदलत नाही. 68 मोजून आले ते 68च राहतात, मग ते कितीही घट्ट असोत. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मग 7च का कमी? फेऱ्या 10, टाके गेले 7, म्हणजे पहिल्या तीन फेऱ्या ठीक आणि चौथीपासून दर फेरीला एक गेला. चौथ्या फेरीला कृतीत काय आहे ते पाहिलं. तिथे रंग बदलतो. पहिल्या तीन फेऱ्या टोकाच्या जागेतून सुरू होतात, आणि चौथीपासून मी सुरुवात खांद्यावर नेली आहे, जोड समोर दिसू नये म्हणून. आणि तिथे एवढंच लिहिलंय, "नवा रंग जोडून 3 साखळ्या घाला, पुढच्या खांबापासून विणायला लागा." त्या 3 साखळ्या एक खांब म्हणून धरायच्या की नाही, याबद्दल एक शब्दही नाही.

काल रात्री उरलेली निळी लोकर घेऊन मी दोन्ही तऱ्हांनी विणून पाहिलं. साखळ्या खांब म्हणून धरल्या आणि फेरी संपल्यावर तिसऱ्या साखळीच्या डोक्यात स्लिप स्टिच (फेरी जोडणारा, उंची नसलेला टाका) घेतली, तर त्या बाजूला चौथ्या फेरीला 44, पाचवीला 48. सगळं जागेवर. मग साखळ्या न धरता, पहिल्या खऱ्या खांबात जोडत गेले. चौथी 43. पाचवी 46. सहावी 49. दर फेरीला त्या साखळ्या एका खांबाची जागा अडवत होत्या आणि मोजणीत मात्र येत नव्हत्या. असंच पुढे गेलं की दहावीला बरोबर 61 येतात. आकडा जुळला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. तुमच्या विणकामावर जोडाच्या रेषेशी बोट फिरवून बघा, तिथे दोरीसारखा एक बारीक उभा वळ लागेल. त्याच त्या न मोजलेल्या साखळ्या.

पहिल्या तीन फेऱ्यांत हे झालं नाही, कारण टोकाच्या जागेत साखळ्या कुठल्याच खांबाच्या डोक्यावर उभ्या नसतात. तुम्ही तिथे साखळ्या धरल्या नाहीत तरी पुढे पूर्ण 2 खांब घातलेत की भरपाई होते. चूक होती, पण दिसायला जागाच नव्हती.

तुमच्या 10 सेंटिमीटरमध्ये 14 खांब बसतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे 7 खांब गेले म्हणजे 5 सेंटिमीटर गेले. लहान मुलाच्या अंगावर 5 सेंटिमीटर खूप असतात, दोन्ही टोकं त्या अरुंद बाजूकडे ओढली जाणारच.

आता ओलं करून वाळवण्याबद्दल. तो सल्ला मी मेंढीच्या लोकरीसाठी वापरत आले आणि अ‍ॅक्रिलिकला सरसकट देऊन टाकला. मेंढीची लोकर पाणी पिते, मऊ पडते आणि ज्या आकारात वाळेल तो धरून ठेवते. अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिकच. ते पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे पिना काढल्या की जिथल्या तिथे. त्याला वळवते ती उष्णता. इस्त्री दोन-तीन बोटं वर धरून फक्त वाफ द्यायची, कापडाला टेकवायची नाही. टेकली की धागा चपटा होतो, चमकायला लागतो, झुलायला लागतो, आणि मग तो पूर्ववत होत नाही. कडा नीट बसवायला वाफ चांगली. पण 7 खांब वाफेने येत नाहीत, तेव्हा इथे तिचा उपयोग नाही.

खाली प्रतिक्रियांत एकीने सुचवलंय की अकराव्या फेरीत अरुंद बाजूला 7 खांब एकदम वाढवून टाका. नका वाढवू. एका फेरीत इतके टाके कोंबले की तिथे झालर पडते. तीन-चार फेऱ्यांत विभागून वाढवले तर खालची कड सारखी होईल हे खरं, पण वरच्या भागात टोकाची रेषा वाकलेली आहे ती वाकलेलीच राहील, आणि दोन रंगांच्या पट्ट्यांमुळे ती आणखी उठून दिसेल. मी उसवलं असतं. तिसऱ्या फेरीपर्यंत, सातही फेऱ्या. पुन्हा घालायचे खांब 784 होतात, मी बेरीज करून पाहिली. माझ्या अर्धवट वाक्यामुळे हे तुमच्या वाट्याला आलंय, त्यामुळे हे लिहिताना हात जड होतो. पण लेक अजून वाट बघतेय म्हणता, तर तिला सरळ टोकाचाच पोंचो मिळावा असं मला वाटतं.

उसवलेली लोकर लगेच विणायला घेऊ नका. कुरळी असते, टाके उड्या मारतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, दोन-तीन ठिकाणी सैल बांधा, लांबून जराशी वाफ द्या आणि पूर्ण गार होऊ द्या. मग गुंडा करा.

आणखी एक. गळा सैल वाटला म्हणून त्यात दोरी ओवून गोंडे सोडायचा विचार आहे असं तुम्ही सहज लिहिलंय. कृपा करून तसं करू नका. खेळताना गळ्याभोवतीची दोरी कुठेतरी अडकली तर मुलाला फास बसतो. गळ्याला बारीक सुईने एक घट्ट फेरी घाला, पुरतं. गोंडे हवेच असतील तर खालच्या टोकांना.

पुढच्या वेळी दोन आयत विणून, जोडून पोंचो करणार म्हणालात. जरूर करा, फक्त तोही आपोआप सरळ येतो असं समजू नका. दोन तुकडे टेपने मोजू नका, टेपखाली क्रोशा ताणला जातो. ओळी मोजा. आणि गळा किती होईल ते आधी काढा. लांबीतून रुंदी वजा करायची आणि दुप्पट करायची. 52 बाय 26 सेंटिमीटरच्या दोन आयतांचा गळा 52 सेंटिमीटर होतो, 50 सेंटिमीटर घेराच्या डोक्यातून तो सहज उतरतो.

मूळ कृतीतलं वाक्य मी आज बदललं आहे. आता तिथे असं आहे: "3 साखळ्या घाला, हा पहिला खांब धरा. फेरीच्या शेवटी तिसऱ्या साखळीच्या डोक्यात स्लिप स्टिचने जोडा." त्या तिसऱ्या साखळीत वेगळ्या रंगाचा धागा अडकवून ठेवा, म्हणजे शेवटी शोधावी लागत नाही. जोडल्यावर तिथे एक घट्ट फासा दिसतो, तो खांबासारखा भासतो. त्यात काही विणायचं नाही.

चौथी फेरी पुरी झाली की दोन्ही बाजू मोजा. 44 आणि 44 आले तर पुढे निघा. नाही आले तर तिथेच थांबून मला लिहा, तोवर उसवायची झाली तरी एकच फेरी असेल.