‘सांगलीत बसून मार्मोट’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्लेगचा जंतू शीतनिद्रेतल्या मार्मोटच्या (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी) अंगात हिवाळा काढतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘सांगलीत बसून मंगोलियाच्या मार्मोटवर लिहायचं, अभ्यास शून्य. प्लेग झालेला प्राणी थंडीत मरणारच, मग जंतू त्याच्यात वसंतापर्यंत टिकेल कसा? शिवाय मार्मोट सलग झोपत नाही, मधे जागा होऊन अंग तापवतो, तेव्हा का मरत नाही? आणि पिसवा आहेतच की.’ एवढं सगळं लिहिलंत, साधा नमस्कार न घालता.

आधी माझी चूक. ‘सहा महिने सलग झोपतो’ असं मी लिहिलं होतं. तो दोन-तीन आठवड्यांनी जागा होतो, हे खरं. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘अभ्यास शून्य’. मिरजेतल्या एका लॅबमध्ये माझी एकतीस वर्षं जंतू वाढवण्यातच गेली. एका दिवाळीत जंतू वाढवायची एक प्लेट फ्रीजच्या मागच्या कप्प्यात राहून गेली. तीन आठवड्यांनी सापडली, तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब आणि जंतूंचे ठिपके होते तेवढेच, टाचणीच्या डोक्याएवढे. साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळी. त्यातलाच एक ठिपका नव्या प्लेटवर ओढून उबेला ठेवला, दुसऱ्या दिवशी भरभरून वाढ! थंडीत जंतू मरतोच असं नाही हो, खोळंबतो. प्लेगचा जंतू तर चार-पाच अंशालाही रेंगाळत वाढतो. शीतनिद्रेत मार्मोटचं अंगही तेवढंच गार पडतं, हृदयाचे ठोके मिनिटाला पाच-दहावर येतात. शरदात लागण झाली तरी आजार चढत नाही; वसंतात अंग तापलं की चढतो. प्राणी मरतो, पण बिळाबाहेर आल्यावर. शीतनिद्रेतल्या मार्मोटांना प्लेग टोचून बघायचे प्रयोग फ्रान्समध्ये १९१२ सालीच झाले. ते प्राणी आठवडेच्या आठवडे जगले. तेही घरबसल्याच केले असतील, नाही का?

आणि ‘सांगलीत बसून’ म्हणजे काय? कराडजवळच्या आमच्या गावात उंदीर पडायला लागले की माणसं घरं सोडून माळावर खोपटी घालत. पणजीची थोरली बहीण त्या खोपटीतच गेली, काखेत गाठ येऊन. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात १० मार्च १८९७ ला प्लेगनंच गेल्या. तेव्हा प्लेगवर कुठं बसून लिहायचं, हे मला कुणी शिकवू नये. आपल्याकडचे उंदीर शीतनिद्रा घेत नाहीत, हे लेखातच आहे. पहिला परिच्छेद तरी वाचायचा होतात.

राहिलं ते किरकोळ. मधली जाग फार तर एखाद्या दिवसाची असते, तेवढ्यात आजार चढत नाही. पिसवांत जंतू महिनोन् महिने टिकतो, मान्य. मी नाही कधी म्हटलं?

रविवारी मांचुरियातल्या (ईशान्य चीन) १९१०-११ च्या प्लेगच्या साथीवर लिहितोय. मार्मोटच्या कातड्यांचा धंदा आणि सुमारे ६०,००० मृत्यू. चूक सापडली तर दाखवा, पण नमस्कार घालून.