स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे बायबल खरेच सांगते का?

‘मंडळीत (चर्चच्या सभेत) स्त्रियांनी बोलू नये, ही देवाची आज्ञा आहे’ अशा अर्थाचा मजकूर ख्रिस्ती लोकांत सतत फिरत असतो. त्यातले मुद्दे ठरलेले आहेत. प्रेषित पौलाने करिंथकरांना आणि आपला सहकारी तीमथ्य याला पत्रांत तसे स्पष्ट लिहिले. येशूने बाराही प्रेषित पुरुषच निवडले. स्त्रीने उपदेश करणे हे आधुनिक स्त्रीवादाचे खूळ आहे, आणि ज्या मंडळींनी ते स्वीकारले त्या ओस पडल्या. शेवटी, स्त्री-पुरुष देवापुढे समान असले तरी त्यांची कामे वेगळी. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी पुष्कळांचे बायबलवर मनापासून प्रेम असते. म्हणून उत्तरही बायबल उघडूनच द्यायला हवे.

करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १४, वचने ३४ आणि ३५. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, काही जाणून घ्यायचे असेल तर घरी नवऱ्याला विचारावे, असे तिथे लिहिले आहे. ते लपवण्याचे काहीच कारण नाही. पण त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायातले पाचवे वचनही वाचा. प्रार्थना करणाऱ्या किंवा संदेश देणाऱ्या (देवाचा शब्द लोकांना सांगणाऱ्या) स्त्रीने डोके झाकावे, असे पौल तिथे सांगतो. संदेश मनातल्या मनात देता येत नाही, तो सगळ्यांना ऐकू जाईल असाच द्यावा लागतो. म्हणजे करिंथच्या मंडळीत स्त्रिया उघडपणे बोलत होत्या, हे पौलाला ठाऊक होते. त्यांना बसवा, असे तो म्हणाला नाही. बोलताना डोके झाका, एवढेच म्हणाला. तीन अध्याय पुढे जाऊन त्यानेच सगळ्या स्त्रियांची तोंडे कायमची बंद केली असे मानायचे, तर पौलाला स्वतःचेच पत्र आठवत नव्हते असे म्हणावे लागेल.

आता चौदावा अध्याय २६ व्या वचनापासून सलग वाचा. मंडळी जमली आहे. कुणापाशी स्तोत्र आहे, कुणापाशी शिकवण, कुणाला प्रकटीकरण झाले आहे, कुणी आत्म्याच्या प्रेरणेने अन्य (अनोळखी) भाषेत बोलतो आहे. सगळ्यांना एकाच वेळी बोलायचे आहे आणि कुणाचेच कुणाला धड ऐकू येत नाही. पौल एकेकाला आवरतो. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे. एक जण संदेश देत असताना दुसऱ्याला प्रकटीकरण झाले, तर पहिल्याने गप्प राहावे. त्यानंतर स्त्रियांची पाळी येते, आणि त्यांच्या बाबतीत उल्लेख आहे तो विचारण्याचा, जाणून घेण्याचा. गप्प राहण्याची सूचना इथे तिघांना आहे. पहिल्या दोघांना ती त्या प्रसंगापुरती होती, हे सगळेच मान्य करतात. संदेश देणाऱ्या पुरुषाने जन्मभर मौन पाळावे, असे कुणी म्हणत नाही. मग तिसरी सूचनाच तेवढी सर्व काळासाठी, सर्व स्त्रियांसाठी कायदा कशी होते? याचे उत्तर हा मजकूर देत नाही.

काही प्राचीन हस्तलिखितांत ही दोन वचने ४० व्या वचनानंतर येतात. त्यावरून ती मुळात समासातली टीप असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. माझा भर त्यावर नाही, कारण वचने पौलाचीच धरली तरी दावा टिकत नाही.

तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातले वचन अधिक अवघड आहे, हे मला मान्य आहे. स्त्रीने शिकवावे किंवा पुरुषावर अधिकार चालवावा अशी परवानगी आपण देत नाही, असे १ तीमथ्य २:१२ मध्ये लिहिले आहे. पण पत्र कशासाठी लिहिले ते पहिल्याच अध्यायात आहे: इफिसमध्ये काही लोक भलतेच शिकवत होते आणि त्यांना थांबवण्यासाठी तीमथ्याला तिथे ठेवले होते. शिवाय बाराव्या वचनावर बोट ठेवणारे नवव्या वचनावर क्वचितच बोट ठेवतात. तिथे स्त्रियांनी केस गुंफू नयेत, सोने-मोती घालू नयेत, असे आहे. ते त्या काळापुरते आणि हे मात्र कायमचे, हा निवाडा पत्रात नाही. तो वाचणाऱ्याने केलेला आहे. आणि पौलाच्या बरोबरीच्या कार्यकर्त्यांत स्त्रिया शिकवत होत्याच. अपुल्लो हा विद्वान, शास्त्रात पारंगत वक्ता. त्याला प्रिस्किल्ला आणि अक्विला या दाम्पत्याने जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). हेही इफिसमध्येच घडले.

स्त्रीच्या तोंडून आलेल्या वचनाला पुरुषांनी मान द्यावा की नाही, याचे उत्तर तर जुन्या करारातच आहे. २ राजे, अध्याय २२. मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. तो ऐकून योशीया राजा आपली वस्त्रे फाडतो आणि परमेश्वराला विचारून या म्हणून माणसे पाठवतो. पाठवतो कुणाला? खुद्द मुख्य याजक हिल्कीया, राजाचा चिटणीस शाफान आणि आणखी तीन अधिकारी. ते जातात हुल्दाकडे. राजवस्त्रे सांभाळणाऱ्या शल्लूमची ही बायको, यरुशलेमेत राहणारी संदेष्टी. यिर्मया या प्रसिद्ध संदेष्ट्याचे काम याच राजाच्या कारकिर्दीत सुरू झाले होते, तरी हे लोक हुल्दाच्या दारात उभे राहिले. ती बिचकत नाही. ज्या माणसाने तुम्हाला माझ्याकडे पाठवले त्याला सांगा, अशी ती सुरुवात करते; राजाला ‘माणूस’ म्हणते. सापडलेल्या ग्रंथातले शब्द परमेश्वराचे आहेत आणि ते खरे ठरणार, हा निर्वाळा ती देते. राजा तो शिरसावंद्य मानतो आणि पुढची सगळी धर्मसुधारणा त्यावर उभी राहते. हे प्रकरण प्रार्थनेच्या वेळी किती कमी वाचले जाते, याचे मला वाईट वाटते.

बारा प्रेषित पुरुष होते, हे खरे. ते बाराही यहुदी होते, हेही खरे. म्हणून यहुदी नसलेल्याने पाळक होऊ नये, असे कुणी म्हणत नाही. बारा ही इस्राएलाच्या बारा वंशांची खूण होती. येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्यांत मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आणि सुसान्ना होत्या, आणि खर्चाला पैसाही त्या पुरवत होत्या, हे लूकने नावानिशी लिहून ठेवले आहे (८:१-३). पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला येशूने पाठवले ते मग्दालीया मरीयेला. पेत्र आणि दुसरा शिष्य रिकामी कबर पाहून घरी परत गेले होते. सहाव्या शतकात पोप ग्रेगरी पहिला याच्या प्रवचनाने तिची गाठ लूकमधल्या एका पापी स्त्रीशी घातली आणि पश्चिमेकडे ती शेकडो वर्षे पश्चात्तापाची मूर्ती म्हणूनच ओळखली गेली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी, म्हणून आपण तो भराभर उलटतो. त्यात किंख्रियाच्या मंडळीची सेवा करणारी फिबी आहे, जिने पौलालाही साहाय्य केले. त्यात युनिया आहे, आणि तिचे नाव प्रेषितांच्या संदर्भात आले आहे. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम या नामांकित धर्मोपदेशकाने प्रेषित म्हणवून घेण्याइतकी थोर स्त्री म्हणून तिचे कौतुक केले. हा क्रिसोस्तोम काही आजच्या स्त्रीवाद्यांचा शिष्य नव्हता.

तेव्हा ‘आधुनिक खूळ’ या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. इ.स. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने चाळिशीच्या आतल्या स्त्रीला डीकनपदाची (चर्चमधील सेवकपदाची) दीक्षा देऊ नये असा नियम केला. चाळिशीनंतर ती दिली जात होती. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मार्गारेट फेल यांनी स्त्रियांच्या उपदेशाचे समर्थन करणारी पुस्तिका १६६६ मध्ये तुरुंगात असताना प्रसिद्ध केली, आणि तिचा सगळा आधार बायबलचा आहे. जरीना ली या कृष्णवर्णीय स्त्रीला १८१९ मध्ये अमेरिकेत उपदेशाची परवानगी मिळाली. आणि आपण मराठी वाचकांनी तर पंडिता रमाबाईंना विसरूच नये. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळ्या बायबलचे मराठी भाषांतर एकहाती पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापले गेले.

मंडळ्या ओस पडतात, हा दावा आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्त्रियांना पाळक होऊ देत नाही. २००० च्या श्रद्धानाम्यात तसे लिहून ठेवले आहे. या संघाची सदस्यसंख्या २००६ मध्ये सुमारे १ कोटी ६३ लाख होती, २०२४ मध्ये ती १ कोटी २७ लाखांवर आली. याउलट असेंब्लीज ऑफ गॉड १९३५ पासून स्त्रियांना पूर्ण दीक्षा देते, आणि ती आज जगातल्या सर्वांत मोठ्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) संघांपैकी एक आहे. मंडळी वाढण्या-घटण्याची कारणे अनेक असतात. त्यांचे खापर स्त्रियांवर फोडणे अन्यायाचे आहे.

उरला ‘समान पण कामे वेगळी’ हा मुद्दा. कामे वेगळी असतात हे खरेच. पौल त्यांना कृपादाने म्हणतो. पण कृपादानांच्या त्याच्या याद्यांत हे पुरुषांचे, ते स्त्रियांचे अशी वाटणी नाही. ती नंतर झाली. प्रत्यक्षात प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी, संडे स्कूल, सणाची तयारी स्त्रियांकडे, आणि पाळक कोण येणार, पैसा कुठे जाणार हे ठरवणारी समिती पुरुषांची. याला वेगळे काम म्हणत नाहीत. कष्ट एकाने करायचे आणि निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, याला अधिकार म्हणतात.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेचा याजकपदाविषयीचा युक्तिवाद वेगळा आहे. तो संस्कारांच्या समजुतीवर उभा आहे आणि त्याचा विचार त्याच्याच पातळीवर व्हायला हवा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये स्त्रियांना याजकदीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही असे जाहीर केले, आणि ती भूमिका बदललेली नाही. पण त्या युक्तिवादातून स्त्रियांचे मौन निघत नाही. २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली झाली. २०२३ च्या सिनडमध्ये (कॅथलिक बिशपांच्या धर्मसभेत) ५४ स्त्रियांनी पहिल्यांदाच बिशपांच्या बरोबरीने मतदान केले. पुढच्या वर्षीच्या अंतिम दस्तऐवजात, चर्चमध्ये स्त्रियांनी नेतृत्व करण्याला आडकाठी असण्याचे कारण नाही आणि त्यांच्या डीकनपदाचा प्रश्न खुला आहे, असा परिच्छेद आहे. त्याच्या विरोधात ९७ मते पडली, बाजूने २५८.